तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या मुलांना बॅले कशाला?

“बाई, पालिकेच्या शाळेतल्या मुलांना बॅले दाखवून काय मिळणार?” पालक विचारतात, नातेवाईक विचारतात. कुणी आपुलकीनं विचारतं, “आपली लावणी, आपलं कोळीनृत्य काय कमी आहे का?”

कमी काहीच नाही. पण मी मुलांना नेते ती नाचापेक्षा त्याच्या आदल्या दिवसासाठी.

मी कुर्ल्याला शिकवते. ठक्करबाप्पा कॉलनीतली मुलं आमच्या शाळेत येतात, म्हणजे घराघरात चपला-बुटांचं काम. दौऱ्यावर आलेल्या एका परदेशी बॅले कंपनीनं विद्यार्थ्यांसाठी सकाळचा खेळ ठेवला होता. त्याआधी दोन नर्तक आमच्या हॉलमध्ये दीड तास येऊन गेले. त्यातल्या मुलीनं आधी टाचेनं शहाबादी फरशी दाबून पाहिली आणि सांगितलं, इथं मी उडी मारणार नाही. बॅलेला खालून जरा दबणारी लाकडी जमीन लागते, नाहीतर गुडघे, घोटे जातात. मुलांना ते लगेच पटलं. ज्याचं पोट अंगमेहनतीवर आहे, तो अंगाला जपतोच.

मग तिनं बूट काढून दिला. पायाच्या बोटांवर उभं राहतात तो. मुलांना वाटलेलं, आत लाकूड किंवा लोखंड असणार. सातवीतल्या एका मुलीनं पुढचा भाग नखानं टकटक वाजवला, नाकाशी नेला आणि म्हणाली, “बाई, ह्याला सोल्यूशनचा वासच नाही!” सोल्यूशन म्हणजे चपला चिकटवायचा उग्र वासाचा गोंद; तो इथं नसणारच. कापडाचे आणि कागदाचे थर पिठाच्या खळीनं चिकटवून, वाळवून तो कडक केलेला असतो, वरून सॅटिन. घामानं खळ मऊ पडते, आणि मोठी भूमिका असली तर एका खेळातच जोड संपतो. फिती नर्तकी स्वतः शिवते. हे ऐकून वर्ग गप्प झाला. एक जोड करायला किती वेळ लागतो, हे त्या मुलांना कुणी शिकवायला नको होतं.

गिरकीचं गुपितही तिनं सांगितलं: नजर एका जागी रोवायची, अंग फिरू द्यायचं, मान शेवटी झटक्यात वळवायची. ‘स्वान लेक’ या प्रसिद्ध बॅलेच्या तिसऱ्या अंकात एका पायावर सलग 32 गिरक्या घेण्याची परंपरा आहे. दुसऱ्या दिवशी तो प्रसंग आला, तेव्हा अंधारात माझ्या मागच्या रांगेतून कुजबुज ऐकू येत होती, “एकोणतीस... तीस...”

त्याआधी एकदा आम्हाला फक्त फुकट पास मिळाले होते, कुणी शाळेत आलं नव्हतं. मध्यंतरात मुलं विचारत होती, “बाई, कधी संपणार?” दोष मुलांचा नव्हता. म्हणून आता मी कंपन्यांना सांगते, पास थोडे कमी द्या, पण खेळाच्या आधी येऊन जा.

आणि लावणीचं म्हणाल, तर एका नाचामुळे दुसरा मरतो असं मला वाटत नाही. 1928 साली रशियन बॅले नर्तकी अॅना पाव्हलोवा मुंबईत नाचली, तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल प्रेक्षकांत होत्या. पुढे बोटीवर दोघींची गाठ पडली, आणि पाव्हलोवांनीच त्यांना आपल्या मातीतला नाच शोधायला सांगितलं. त्यातून रुक्मिणीदेवी भरतनाट्यमकडे वळल्या. 1952 साली नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी मुंबईतच लिटल बॅले ट्रूप उभा केला आणि माणसांना कठपुतळ्यांसारखं हलवत रामायण सादर केलं. ‘बॅले’ हा शब्द या शहराला नवा नाही.

जाताना त्या नर्तकीनं एक वापरून संपलेला बूट आमच्याकडे ठेवला. सातवीतली ती मुलगी तो घरी घेऊन गेली. सोमवारी आणला तेव्हा तिच्या वडिलांनी रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, तो तळापासून नीट उकलला होता. म्हणाली, “पप्पा म्हणाले, हा आधी उलटा शिवलाय आणि मग पलटलाय. कारीगर चांगला आहे.”