पाचशे रोपं, तीनशे बारा पिशव्या

किती झाडं लागली हे बाकीचे खड्डे मोजून सांगतात. मी रिकाम्या पिशव्या मोजतो. रोप काळ्या पिशवीतून येतं, लावताना ती फाडून काढायची असते. पाचशे रोपं गेली तर संध्याकाळी पाचशे फाटक्या पिशव्या माझ्या गोणीत परत आल्या पाहिजेत. त्या दिवशी ३१२ आल्या.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या उतारावर एका रोपवाटिकेत काम करतो. एकोणीस वर्षं झाली. जुलै हा आमचा लग्नसराईचा महिना. वनमहोत्सवाचा आठवडा १९५० साली तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशींनी सुरू केला, तो १ ते ७ जुलै. तारीख ठरवताना आमच्या डोंगराला कुणी विचारलं नसावं. इथं दोन चांगले पाऊस होऊन माती खालपर्यंत भिजल्याशिवाय रोपाला हात लावू नये, आणि ते दोन पाऊस कधीकधी जुलै संपला तरी येत नाहीत. त्यात २०१६ ला १ जुलैच्या एका दिवसात राज्यभर २ कोटी रोपं लावायचं ठरलं. पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३, आणि २०१९ ला ३३ कोटी. आकडे वाढत गेले, खड्डे खणायची माणसं तेवढीच राहिली. तेव्हापासून शाळांना झाडांचा दिवस लागला तो लागलाच.

ती पाचशे रोपं ज्या शाळेच्या माळावर गेली, त्या शाळेनं आधी गुलमोहर आणि अशोक मागितले होते. फोटोत उंच दिसतात म्हणून. मी करंज, सीताफळ, चिंच आणि थोडा कडुनिंब दिला. माळाला कुंपण तीनच बाजूंनी, आणि चौथ्या बाजूला धनगरवाडा. करंजाला आणि सीताफळाला शेळी सहसा तोंड लावत नाही. शिवाय सीताफळ आमच्या बालाघाटचंच लेकरू आहे, मुरमातही जगतं. मुख्याध्यापक थोडे नाराज झाले.

रोपं मात्र देखणी होती, हे मीच सांगतो. पिशवी भरणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही. माती, वाळू, शेणखत चाळून एकत्र करायचं आणि भरताना पिशवी दोन-तीनदा जमिनीवर आपटायची. बाई नवखी असली की पिशवी पोकळ राहते, मधेच कंबर मोडते आणि उचलताना आतली मुळं तुटतात. मग वाफ्यातल्या पिशव्या अधूनमधून जागेवरून हलवायच्या, नाहीतर मुळं तळाच्या भोकातून खाली जमिनीत उतरतात आणि न्यायच्या दिवशी उपटावी लागतात. टेम्पो भरायच्या आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे मातीचा गोळा घट्ट राहतो. हे सगळं केलं होतं. वर्षभर एकेका पिशवीला किती हात लागतात ते आम्हाला माहीत.

खड्डे मात्र आदल्या दिवशी जेसीबीनं ओढलेले. खरं तर ते एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचे असतात. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला, आणि भरताना वरची माती आधी. इथं सगळ्याचा एकच ढीग. असो.

साडेनऊची वेळ होती, पाहुणे सव्वाअकराला आले. तोवर तीनशे पोरं उन्हात ओळीत उभी. पाहुण्यांसाठी अकरा मोठी रोपं वेगळी, खड्ड्याभोवती झेंडू, बाजूला पितळी झारी. एका रोपाला सात माणसांनी हात लावला. त्या रोपाला हात लागलेले दिसावेत म्हणून फोटोवाल्यानं ते दोनदा वर उचलायला लावलं.

आता माझ्या चुकीकडे येतो. पिशवी कापायला पातं लागतं. पोरांच्या हातात पाती द्यायची नाहीत असं शाळेनं सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. मग मी म्हणालो, हातानं फाडतील. माइकवर प्रात्यक्षिक दिलं. पातं फिरवलं, पिशवी सोलली, गोळा अलगद खड्ड्यात, माती, टाचेनं दाब, झालं. जेमतेम अर्धा मिनिट. माझी सवय आहे ती. पुढच्या दोन रांगांनी ते पाहिलं असेल, मागच्यांना माझी टोपी दिसली असेल. आणि ज्यांना मी हातानं फाडा म्हणत होतो, त्यांना मी पात्यानं कापून दाखवत होतो, हे मला रात्री अंथरुणात सुचलं.

ओलं प्लास्टिक पाचवीच्या पोराच्या बोटांनी फाटत नाही. कुणी दातांनी फाडलं, कुणी कंपासपेटीतलं कर्कटक काढलं. बहुतेकांनी रोप शेंड्याला धरून, सशाचे कान धरावेत तसं, उचललं आणि सोडलं खड्ड्यात. शिक्षक लोक मोबाइलवर ठिकाणासकट फोटो चढवण्यात गुंतलेले. प्रत्येकाच्या मागे फोटोंचं टार्गेट, त्यांनाही बोल लावता येत नाही. एक बाई तेवढ्या ओरडत होत्या, पण त्या गणवेश मळतोय म्हणून.

सातवीतली एक मुलगी मात्र मधेमधे ओळ सोडून दुसऱ्यांच्या खड्ड्यांकडे पळत होती. तिला दोनदा दटावून जागेवर बसवलं. सगळं आटोपल्यावर ती माझ्याकडे आली. हातात पिशव्यांच्या चार गड्ड्या, दहा-दहाच्या, सुतळीनं बांधलेल्या. अशा गड्ड्या फक्त आमच्या रोपवाटिकेत बांधतात. मग ओळख पटली. हिची आई आमच्याकडे पिशव्या भरते.

"काका, मोजून घ्या. चाळीस हैत. आमच्या ओळीला बेचाळीस होती. दोन कमी हैत."

"असू दे गं, वाऱ्यानं गेल्या असतील," म्हणालो मी. पाहुण्यांची गाडी टेम्पोच्या आड लागली होती, माझं लक्ष तिकडं.

गोणी मोजली ती चार वाजता. १८८ पिशव्या कमी. न आलेली प्रत्येक पिशवी खड्ड्यातच असेल असं नाही. काही कुंपणाला अडकलेल्या दिसत होत्या, काहींचे पोरांनी फुगे करून फोडले होते. पण काही खड्ड्यातच होत्या. कोणत्या, ते वरून कळत नाही. मी आणि दोन मजूर, तिघांनी उकरायला सुरुवात केली. अंधार पडेस्तोवर १२० खड्डे पाहिले. ४७ रोपं पिशवीसकट. काढून पुन्हा लावताना त्यातल्या १९ चा गोळा फुटला.

मधेच वरून फोन आला. "लागली ना सगळी? फोटो चढलेत. मग उकरता कशाला?" अंधार झाला म्हणून थांबलो, असं मी मजुरांना सांगितलं. थोडा वेळ अजून दिसत होतं.

पावसात पिशवीतलं रोपही हिरवंगार राहतं. तळाच्या भोकांतून चार मुळं बाहेर येतात, बाकीची आतल्या आत गोल फिरत बसतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी खोल गेलं की ते मान टाकतं. तिथून वाचलं तर दोन-तीन वर्षांनी एखाद्या वावटळीत मुळासकट आडवं होतं. मोजणी मात्र होते ऑक्टोबरात. ऑगस्टात आम्ही नांगे भरले होते, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली होती, त्यामुळे पाचशेपैकी ४६३ जिवंत निघाली. कार्यालयात पेढे वाटायचेच बाकी होते.

मोजणीच्या दिवशी ती मुलगी शाळेच्या कुंपणावरून बघत होती. सुट्टीत आली. मी विचारलं, "त्या दोन पिशव्या खरंच वाऱ्यानं गेल्या का?"

"नाय. पाव्हणे आले तवा सर म्हणले, उठा, टाळ्या वाजवा. तवर दोन राहिली होती, तशीच बुजवली." आणि तिनं सरळ नेऊन दाखवली. कुंपणाकडून तिसरा आणि चौथा खड्डा, दोन्ही करंज. बाकीच्यांपेक्षा काकणभर टवटवीतच.

मी विळा घेतला. एकाच्या कडेनं माती काढली, पिशवीला तीन उभे काप दिले, जेवढी निघाली तेवढी ओढली, माती लोटली, पाणी घातलं. दुसऱ्याकडे वळलो तर तिनं हात आडवा धरला.

"ते राहू द्या काका. उन्हाळ्यात बघू, कोणतं जगतंय."

एकोणीस वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. रोप वाचवायचं की नाही, ते मला ठरवता येईना. घंटा झाली, ती पळाली. मी विळा पिशवीत टाकला. चौथ्या खड्ड्यावर तिनं जाताना पांढरा दगड ठेवलाय. मजुरांना सांगून ठेवलं आहे, तो हलवू नका.