आधी डंप, मग सॉफ्टवेअर

कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाच्या, आदल्या आठवड्यात मायच्या टीव्हीच्या डब्यावरचं (सेट-टॉप बॉक्सवरचं) यूट्यूब बंद पडलं. वायफायचं डोंगल लुकलुकत होतं, गाण्यांची यादीही यायची, पण गाणं दाबलं की नुसतं गोल फिरायचं आणि परत यादी. "आते हाऊ डबा काबर चालत नही रे भाऊ?" माय दिवसातून दोनदा विचारायची. नैवेद्याच्या रोटांचं दळण करायला बसलं की तिला कानबाईची गाणी लागतात, आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर तिला दिसत नाही.

डबा फ्री डिशचा, एमपीईजी-4 वाला, अमळनेरच्या बाजारातून घेतलेला. छत्री जीसॅट-15 उपग्रहाकडे, म्हणजे 93.5 अंश पूर्वेला. महिन्याचा रिचार्ज नाही. पेनड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग होतं; सह्याद्रीवरचे कितीतरी कार्यक्रम मायने असे भरून ठेवलेत. ती रेकॉर्डिंगची टीएस फाइल लॅपटॉपवरही सरळ उघडते. पैसे भरायच्या डीटीएचच्या रेकॉर्डरमध्ये भरलेलं त्या डब्याबाहेर निघतच नाही. म्हणून "नवीन घेऊन टाक ना भो" असं मित्र म्हणाला तरी मला हा डबा सोडायचा नव्हता.

या डब्यांतलं यूट्यूब गूगलचं नसतं. डबा बनवणाऱ्याने लिहिलेला तो छोटा प्रोग्राम असतो, आणि तो पानातून व्हिडिओचा पत्ता शोधून काढतो. तिकडे पानाची रचना बदलली की याला पत्ता सापडत नाही. सुधारलेलं सॉफ्टवेअर निघतं, पण आतल्या त्या सर्किट बोर्डाचे डबे विकले जात आहेत तोवरच. नंतर आपलं आपण बघायचं.

मी घाई केली. डब्यावरच्या नावाने बिन फाइल, म्हणजे डब्याच्या सॉफ्टवेअरची फाइल, शोधली, पेनड्राइव्हवर टाकली आणि अपडेट दाबलं. नाव तेच होतं, आतला बोर्ड वेगळा होता. पुढे फक्त लाल दिवा. पडद्यावर काहीच नाही. मायने काही म्हटलं नाही, रिमोट तेवढा कपाटावर ठेवून दिला. मला ते फार लागलं.

मग डबा उघडला. प्रोसेसरशेजारी आठ पायांची छोटी चिप असते, तीवर 25क्यू32 असं बारीक लिहिलेलं. 32 म्हणजे 32 मेगाबिट, म्हणजे 4 एमबी. डब्याचं सगळं सॉफ्टवेअर एवढ्यात बसतं. चिपच्या एका कोपऱ्यात ठिपका असतो, तो पहिला पाय. चिपला लावायच्या चिमट्याची, म्हणजे क्लिपची, लाल तार तिथेच आली पाहिजे. सीएच341ए प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं छोटं यंत्र, लावून वाचायला गेलो तर दर वेळी वेगळी फाइल. क्लिपमधून बोर्डालाही वीज जाते, प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि मध्ये लुडबुड करतो. शेवटी धुळ्याच्या एका कारागिराकडून चिप सोडवून घेतली. आता दोनदा वाचलं, दोन्ही फायली तंतोतंत सारख्या, 41,94,304 बाइट्स.

पण ती बिघडलेली प्रत होती. मूळचा डंप, म्हणजे चिपमधल्या सगळ्या सॉफ्टवेअरची जशीच्या तशी प्रत, मी घेतलाच नव्हता! चोपड्याच्या एका ओळखीच्याकडे अगदी तोच बोर्ड निघाला, बोर्डावर छापलेल्या आकड्यामागची अक्षरंसुद्धा तीच. त्याचा डबा चालू होता, यूट्यूबसकट. त्याच्या चिपचा डंप माझ्या चिपवर चढवला, चिप परत डाग देऊन बसवली, चॅनलं पुन्हा स्कॅन केली. शनिवारी रात्री साडेदहाला पहिलं गाणं वाजलं. दुसऱ्या दिवशी कानबाई बसली.

तेव्हापासून कुणाचाही डबा आला तरी मी आधी झाकण उघडून बोर्डाच्या आकड्याचा फोटो काढतो, चिपचा डंप घेतो, आणि मगच सॉफ्टवेअरला हात लावतो. अपडेट चालू असताना लाइट गेली तरी डबा असाच मरतो, म्हणून लोडशेडिंगची वेळ विचारून घेतो नाहीतर इन्व्हर्टरवर लावतो. पैशाची चॅनलं फुकट उघडून द्या म्हणणाऱ्यांना मी परत पाठवतो. ती चोरी आहे. आणि पैसे भरून बघायची अॅप या डब्यात यायची नाहीत. त्यांच्या कुलपाच्या चाव्या कारखान्यातच भरलेल्या लागतात, बिन फाइलने त्या मिळत नाहीत.

यूट्यूब पुन्हा बंद पडणार, हे मला माहीत आहे. चालू डंपची एक प्रत लॅपटॉपवर आहे, एक पेनड्राइव्हवर. पारोळा, धरणगाव, एरंडोलकडे कुणाचा डबा असा लाल दिव्यावर अडकला असेल तर बोर्डाचा फोटो पाठवा. जुळला तर फाइल देतो.