प्रश्न तिसरा, मार्क सात

अंतर्गत परीक्षेचे ४२ पेपर मी एका रात्रीत तपासले होते, हे आधीच कबूल करते. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, रिप्रेझेंटेशन थिअरी, म्हणजे ग्रुपच्या प्रत्येक घटकाला एक मॅट्रिक्स नेमून देऊन ग्रुपचा अभ्यास. तिसरा प्रश्न सात मार्कांचा: सान्त ग्रुपचं कोणत्याही फील्डवरचं प्रत्येक रिप्रेझेंटेशन इररिड्यूसिबल रिप्रेझेंटेशन्सची डायरेक्ट सम असतं, हे सिद्ध करा. (फील्ड म्हणजे ज्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतात असा संख्यासंच; इररिड्यूसिबल म्हणजे ज्याच्या आत ग्रुपखाली स्वतःतच राहणारा लहान तुकडा नाही असं; डायरेक्ट सम म्हणजे असे सुटे तुकडे शेजारी ठेवून बनलेलं.) मॅश्केचं प्रमेय, मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी येणारं. ४१ जणांनी तेच लिहिलं होतं: प्रोजेक्शन घ्या, ग्रुपच्या सगळ्या घटकांवरून फिरवून बेरीज करा, ग्रुपच्या ऑर्डरने, म्हणजे घटकांच्या संख्येने, भागा. एकाने मात्र 'विधान चूक आहे' असं लिहून खाली एक मॅट्रिक्स आणि चारदोन ओळी खरडल्या होत्या. मी भोपळा दिला आणि पुढचा पेपर ओढला.

पेपर वाटले त्याच दुपारी तो मुलगा स्टाफरूमच्या दारात उभा.

"मॅडम, शून्य का?"

"अरे, ॲव्हरेजिंग कुठाय तुझं?"

"पण भागायचं कशाने? इथे दोन म्हणजेच शून्य."

तेव्हा कुठे मी ती मॅट्रिक्स नीट वाचली. ग्रुप दोन घटकांचा, फील्ड ० आणि १ एवढंच. वरच्या ओळीत १, १. खालच्या ओळीत ०, १. वर्ग केला की वरच्या कोपऱ्यात २ येतात, म्हणजे इथे ०, आणि आयडेंटिटी मिळते. रिप्रेझेंटेशन झालं. आता शून्य सोडलं तर इथे व्हेक्टर तीनच. त्यांतला (१, ०) जागचा हलत नाही, उरलेले दोघे आपसांत जागा बदलतात. म्हणजे इन्व्हेरियंट रेषा एकच. तिच्या जोडीला दुसरी नाहीच, तर डायरेक्ट सम कसली?

'ग्रुपच्या ऑर्डरला फील्डच्या कॅरॅक्टरिस्टिकने भाग जात नसेल तर' हे अर्धं वाक्य मी गाळलं होतं. (कॅरॅक्टरिस्टिक म्हणजे १ किती वेळा मिळवला की ० येतो ती संख्या; त्या मुलाच्या फील्डमध्ये २.) माझ्या नोट्सच्या पहिल्याच पानावर 'या कोर्सभर फील्ड म्हणजे कॉम्प्लेक्स संख्या' असं लिहिलंय, पेपर काढताना ते पान आठवलं नाही. वर 'कोणत्याही फील्डवरचं' हे शब्द प्रश्न भारदस्त दिसावा म्हणून हौसेने घातलेले. चहा तसाच राहिला. मी त्याला घेऊन शेजारच्या रिकाम्या वर्गात गेले, कारण स्टाफरूममध्ये सगळ्यांचे कान आमच्याकडेच होते.

फळ्यावर मी २७ घटकांचा एक ग्रुप घेतला आणि तीन संख्यांचं फील्ड. ग्रुप व्हेक्टरना फिरवतो तेव्हा त्यांचे कळप पडतात. कळपाचा आकार १, ३, ९ किंवा २७ एवढाच असू शकतो. एकूण व्हेक्टरची संख्या ३ ची घात. शून्य आपल्या कळपात एकटाच. मग एकूण बेरजेला ३ ने भाग जायचा, तर आणखी कुणीतरी एकटं असलंच पाहिजे. म्हणजे न हलणारा, शून्य नसलेला व्हेक्टर प्रत्येक वेळी सापडतो. त्याची रेषा म्हणजे ट्रिव्हिअल रिप्रेझेंटेशन: एकच मिती, आणि ग्रुप तिथे काहीच हलवत नाही.

"म्हणजे इररिड्यूसिबल फक्त ट्रिव्हिअल? बाकी काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग या विषयात करायला उरतं काय?"

इतका चांगला प्रश्न मला त्या वर्षी वर्गात कुणी विचारला नव्हता. वीट एकाच प्रकारची, पण ती रचायच्या तऱ्हा किती? मी ९ घटकांचे दोन्ही ग्रुप शेजारी शेजारी लिहिले. फील्ड तेच. सायक्लिक असेल, म्हणजे एकाच घटकाच्या (जनकाच्या) घातांतून सगळा ग्रुप मिळत असेल, तर त्या जनकाची मॅट्रिक्स बघायची, जॉर्डन ब्लॉक (इथे कर्णावर १ आणि त्याच्या लगेच वर १ असलेल्या चौकोनी मॅट्रिक्स) मांडायचे. १ ते ९ आकाराचे नऊ ब्लॉक, म्हणून इनडिकम्पोझेबल, म्हणजे डायरेक्ट सम म्हणून आणखी फोडता न येणारी रिप्रेझेंटेशन्स, नेमकी नऊ. दुसरा ग्रुप, तीन-तीनच्या दोन सायक्लिक ग्रुपांचा गुणाकार, घटक तितकेच नऊ. तिथे इनडिकम्पोझेबल अनंत, आणि त्यांची यादी करायची म्हणजे मॅट्रिसेसच्या वाटेल त्या जोड्यांची एकाच वेळी वर्गवारी करण्याइतकं अवघड. हिग्मनने १९५४ मध्ये सीमा आखून दिली: फील्डची कॅरॅक्टरिस्टिक पी असताना यादी सान्त हवी, तर पी-ग्रुप (ज्याची घटकसंख्या पी या मूळ संख्येची घात आहे असा ग्रुप) सायक्लिकच हवा. पी दोन असेल तर मात्र थोडी दया आहे. चार घटकांच्या क्लाइन ग्रुपचीही यादी अनंत असते, तरी ती लिहून काढता येते. मॅट्रिक्सच्या जोड्यांवरचं क्रोनेकरचं जुनं काम तिथे कामी येतं; त्या जोड्यांत ओळी आणि स्तंभ वेगवेगळे बदलायची मोकळीक असते, म्हणून वर्गवारी सोपी पडते.

तो वहीत भराभर उतरवत होता. साडेपाचला शिपाई कुलूप घेऊन आला, तेव्हा फळ्यावर क्लाइन ग्रुपची तीन मितींची दोन रिप्रेझेंटेशन्स होती आणि ती एकमेकांची ड्युअल (इथे मॅट्रिक्सच्या ओळी-स्तंभांची अदलाबदल करून मिळणारी) आहेत का, यावर आमचा वाद चालला होता. (आहेत. त्याचं बरोबर होतं.)

त्याला सातपैकी सात दिले. उरले ते ४१. मी त्यांच्या मार्कांना हात लावला नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्नच चुकीचा होता हे सांगून टाकलं. बहुतेकांना मार्क कायम राहिले याचाच आनंद. तो तेवढा तास संपल्यावर मागे थांबला.

"पण मॅडम, त्या सगळ्यांनी शून्याने भागलंय."

"मीच भागायला सांगितलं होतं, रे."