विजेच्या बिलासोबतचे साडेसात मार्क

बोस्नियाची राजधानी सारायेव्होत राहायला आल्यावर विजेच्या बिलासोबत ७.५० मार्क (इथलं चलन) वेगळे लावलेले दिसले. शेजारच्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, "टीव्हीचे आहेत. भर ते."

कायद्यानुसार ही वर्गणी देशभर गोळा होऊन एकत्र यायची. त्यातली निम्मी अख्ख्या बोस्नियाच्या बीएचआरटी या सार्वजनिक वाहिनीला, उरलेली देशाच्या दोन भागांच्या वाहिन्यांना. पण यातला सर्बबहुल भाग असलेल्या रेपुब्लिका सर्प्स्काच्या वाहिनीकडून बीएचआरटीला वर्षानुवर्षं वाटा मिळालेला नाही. सगळ्यांशी बोलणारी एकुलती एक सार्वजनिक वाहिनी कर्जात बुडाली आहे.

युद्ध संपलं तेव्हा पैसा होता. १९९५ मध्ये बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारानंतर, १९९६ च्या निवडणुकीआधी, परदेशी देणग्यांवर ओबीएन ही वाहिनी घाईनं उभी राहिली. देणग्या आटल्यावर खासगी झाली. १९९७ मध्ये सर्ब वाहिनीनं नाटोच्या सैनिकांना नाझी ठरवलं, तेव्हा नाटोच्या फौजेनं तिचे प्रक्षेपण मनोरेच ताब्यात घेतले. दुसरा इलाज नसेलही. पण बंदुकीच्या धाकानं सुरू झालेल्या बातम्या त्या गावांना आपल्या कशा वाटणार?

आजींच्या घरी मात्र एक जुना गठ्ठा आहे, 'ओस्लोबोजेन्ये' या दैनिकाच्या, युद्धात सारायेव्होला पडलेल्या वेढ्यातल्या अंकांचा. त्याची इमारत ऐन आघाडीवर होती. तोफांनी वरचे मजले पाडले, तशी माणसं खालच्या बॉम्बनिवाऱ्यात उतरली आणि पेपर काढत राहिली. सर्ब, क्रोएट, बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम), सगळे एकाच टेबलाशी. कागद मिळेना म्हणून पानं कमी झाली. १९९३ मध्ये युरोपीय संसदेनं त्यांना मानवी हक्कांसाठीचा साखारोव्ह पुरस्कार दिला.

मला त्या अंकांतलं निधनवार्तांचं पान सोडवत नाही. कुणाच्या नावावर चंद्रकोर, कुणाच्या क्रॉस, धर्म न मानणाऱ्याच्या नावावर पाच टोकांचा तारा. चौकटीला चौकट लागून. शहर वाटून घ्यायला निघालेल्यांना त्या पानानं रोज उत्तर दिलं, असं मला मनापासून वाटतं. हे कुठल्या देणगीदाराच्या आराखड्यात नव्हतं. पेपर वाचणाऱ्यांचा होता, एवढंच.

बातमीदाराला कायद्याचं संरक्षणही लागतंच. अब्रुनुकसानीसाठीचा तुरुंगवास इथं १९९९ मध्ये रद्द झाला. २०२३ मध्ये रेपुब्लिका सर्प्स्कानं अब्रुनुकसानी पुन्हा फौजदारी गुन्हा ठरवली. तुरुंग नाही, पण दंड आहे. रेपुब्लिका सर्प्स्कातल्या बान्या लुका शहरातल्या छोट्या वृत्तसंस्थेला एक खटलाही जड जाईल.

आजी आजही पेपर उघडला की आधी निधनवार्ता वाचतात. आणि साडेसात मार्क मी भरलेत का, हे दर महिन्याला विचारतात.