सातेरीसाठी आधी जागा बघा, मग पेटी घ्या

मधमाशी पाळायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "पेटी कुठली घेऊ?" पण पेटी ठरते माशीवरून आणि माशी ठरते जागेवरून. महाबळेश्वर-जावळीचा भाग, सह्याद्रीचा पायथा, कोकणातली जांभूळ-हिरड्याची राई, अशा ठिकाणी सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशीच घ्यावी. ती मूळची इथलीच आहे, पावसाची सवय तिला आहे, आणि माशीच्या अंगावर जगणाऱ्या व्हरोआ नावाच्या बारीक परजीवी कोळ्याशी तिचा तिने निभाव लावलेला आहे. मेलिफेरा ही परदेशी माशी मध जास्त देते, पण तिच्या पेट्या फुलोऱ्यामागे गावोगाव न्याव्या लागतात आणि कोळ्यांवर सतत लक्ष ठेवावं लागतं. पहिल्याच वर्षी हा व्याप नको.

जागा बघायची म्हणजे पायी फिरायचं. सातेरी साधारण एक किलोमीटरच्या आतच चरते. एवढ्या वर्तुळात ३१४ हेक्टर जमीन येते. तिथे कुठल्या महिन्यात काय फुलतं ते वहीत महिनावार लिहा: शेवगा, करंज, जांभूळ, हिरडा, तूर, कोथिंबिरीचं बी, बांधावरचं रानतण. ज्या महिन्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो उपासमारीचा महिना. उसाच्या पट्ट्यात बारा महिने हिरवंगार दिसतं, पण मधमाशीच्या पोटात त्यातलं फारसं काही जात नाही. त्यात जवळ गुऱ्हाळ असेल तर माश्या काकवीच्या कढईत पडून मरतात. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेशेजारी पेटी ठेवणार असाल तर फवारणीचा दिवस आधी कळवण्याचं बागायतदाराकडून कबूल करून घ्या. फवारणी संध्याकाळी उशिरा, माश्या घरी परतल्यावर व्हायला हवी.

पेटीचं दार पूर्वेकडे किंवा आग्नेयेकडे असावं. सकाळचं ऊन दारावर आलं की माश्या लवकर कामाला निघतात. दुपारी तीनचं ऊन मात्र पेटीवर नको. मार्च-एप्रिलमध्ये दारात पंख फडकवणाऱ्या माश्या बघा. सातेरीचं डोकं बाहेरच्या बाजूला आणि शेपूट दाराकडे असतं, म्हणजे ती बाहेरची हवा आत ढकलते. मेलिफेरा नेमकी उलटी उभी राहते. भर दुपारी अशा फडकवणाऱ्या माश्यांची रांगच लागली असेल तर सावली कमी पडते आहे असं समजा. पेटी आंब्याखाली ठेवा, पण पावसाळ्यात पागोळ्या थेट छपरावर पडतील अशा फांदीखाली नको. पाणी जवळ नसेल तर उथळ परातीत खडे टाकून ते भरून ठेवा. खडे नसले तर माश्या बुडतात.

आता पेटी. सातेरीसाठी लहान चौकटींची (माश्या ज्यात पोळं बांधतात त्या सुट्या लाकडी पट्ट्यांच्या) ए टाइप किंवा न्यूटन पेटी घ्या. मेलिफेराच्या दहा चौकटींच्या मोठ्या लँगस्ट्रॉथ पेटीत सातेरीला ऊब धरता येत नाही. लाकूड वाळलेलं आणि उग्र वास नसलेलं हवं. फळी २० मिलिमीटरपेक्षा पातळ नको. रंग फिका, आणि फक्त बाहेरून. चौकटीची बाजूची पट्टी आणि पेटीची भिंत यांमध्ये ७-८ मिलिमीटरची फट हवी. नवी पेन्सिल त्या फटीत जेमतेम सरकली पाहिजे. फट मोठी झाली तर माश्या तिथे आडवं पोळं बांधतात, आणि चौकट उचलताना ते फाटून मध-अळ्या खाली सांडतात. एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत: मेलिफेरा झाडांची राळ आणून सांध्याच्या फटी लिंपते, सातेरी राळ गोळाच करत नाही. त्यामुळे सुताराने ठेवलेली फट तशीच राहते आणि पोळं खाणाऱ्या मेणकिड्याच्या पतंगाला अंडी घालायला जागा मिळते. शिवाय सातेरी जुनं पोळं कुरतडून भुसा तळाला पाडते. म्हणून तळपाट सुटा निघणारा हवा. तो आठवड्याला एकदा झाडून काढा. मेणकिडा माजला की सातेरी पेटी सोडून जाते, आणि तिथे तुमचा काही इलाज चालत नाही.

स्टँड फूटभर उंच असावा. चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पण वाढलेल्या गवताची एक काडी जरी पेटीला टेकली तरी मुंग्यांना पूल मिळतो. हे फार वेळा होतं. पेटीची पुढची बाजू बोटभर खाली ठेवा, म्हणजे आत आलेलं पाणी दारातून निघून जाईल. छपरावर जड दगड ठेवा, तो वाऱ्यासाठीही लागतो आणि माकडांसाठीही. दोन पेट्यांत दोन-तीन मीटर अंतर राखा, आणि दारासमोर पायवाट नको.

सुरुवात दोन वसाहतींनी (एक राणी आणि तिच्या माश्या म्हणजे एक वसाहत) करा. एकीची राणी मेली तर दुसरीतून अंड्यांची चौकट देता येते, मग कामकरी माश्या त्यातूनच नवी राणी वाढवतात. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, पाऊस उघडल्यावर. भर पावसात कधीच आणू नका, कारण तेव्हा खायला फुलं नसतात. पावसाळ्यात एक किलो साखरेला एक लिटर पाणी असा पाक संध्याकाळी पेटीच्या आतच द्यावा. बाहेर थेंब सांडला तर शेजारच्या वसाहती लुटायला येतात.

वसाहत रात्री आणा आणि पेटी ठरलेल्या जागी ठेवूनच दार उघडा. मागाहून दहा-वीस मीटर सरकवली तर चरून आलेल्या माश्या जुन्याच जागेवर घिरट्या घालत राहतात. पहिले चार-पाच दिवस दारावर राणी अडवणारी जाळी लावा. आठवड्यापलीकडे ती ठेवू नका, कारण नरही आतच अडकतात आणि दारात मरून वाट बुजवतात. वसाहतीसोबत अंडी-अळ्या असलेली एक तरी चौकट असेल याची खात्री करून घ्या. पिल्लं असली की सातेरी सहसा पेटी सोडत नाही.