हैतीने स्वतःचीच किंमत भरली

कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशाचं नाव बातम्यांत आलं की खाली कोणीतरी लिहितंच, यांना स्वातंत्र्य झेपलं नाही. डोकं फिरतं माझं.

मुळात हे लोक तिथे आले कसे ते तरी बघा. १४९२ च्या डिसेंबरात कोलंबस पोचला तेव्हा हैती ज्या बेटावर आहे तिथे ताईनो लोक राहायचे, स्पॅनिशांची वेठबिगारी आणि देवीची साथ यात काही दशकांत ते जवळपास संपलेच, मग राबायला आफ्रिकेतून माणसं आणली. १६९७ ला पश्चिमेकडचा भाग फ्रान्सकडे गेला, नाव सँ-दोमँग, आणि मग ऊस, कॉफी, नीळ, पैसाच पैसा! १७८९ च्या आसपास तिथे जवळजवळ ५ लाख गुलाम होते आणि गोरे ३० हजारांच्या घरात. उसाच्या चरकावर रात्रपाळीत डोळा लागला आणि हात आत ओढला गेला तर तोडायला कोयता शेजारीच ठेवलेला असायचा. माणसं इतकी भराभर मरायची की मालक सरळ नवीन विकत आणायचे, त्यामुळे १७९१ ला बंड पेटलं तेव्हा त्यातले बहुतेक जण आफ्रिकेतच जन्मलेले होते, कोणी काँगोकडचे, कोणी दाहोमीकडचे, एकमेकांची भाषासुद्धा येत नसलेले. त्यांचा नेता तुसाँ लूव्हर्तूर फ्रान्सच्या तुरुंगात मेला तरी हे थांबले नाहीत, नेपोलियनच्या फौजेला हरवलं (पिवळ्या तापानेही हात दिला म्हणा) आणि १ जानेवारी १८०४ ला त्यांचा सेनापती देसालीन याने हैतीचं स्वातंत्र्य जाहीर केलं.

आणि आता खरी गंमत. १८२५ ला फ्रान्सच्या राजाने, दहाव्या शार्लने, लढाऊ जहाजं पाठवली आणि सांगितलं, मान्यता पाहिजे तर १५ कोटी फ्रँक टाका. कशाचे? तर जुन्या मालकांचं नुकसान झालं त्याची भरपाई! म्हणजे बुडालेल्या मालमत्तेत ही माणसंसुद्धा आली, स्वतःची किंमत स्वतःच भरायची. पहिला हप्ता द्यायला पैसे नव्हते म्हणून पॅरिसमध्येच कर्ज काढलं, कमिशन वेगळं. १८३८ ला रक्कम ९ कोटींवर आणली खरी, पण त्यापायी काढलेली कर्जं फिटता फिटता १९४७ उजाडलं, शाळा न् रस्ते कुठून बांधणार होते हे लोक?

२००३ ला हैतीचे अध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरच्या वर रक्कम परत मागितली, पुढच्याच वर्षी त्यांना देश सोडावा लागला. २०२५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष माक्रों यांनी या सगळ्याचा अभ्यास करायला दोन्ही देशांच्या इतिहासकारांची संयुक्त समिती जाहीर केली. पैशांचं मात्र नाव नाही.