बुधवार, साडेबारा, डब्यासह

मेल आली तेव्हा पहिली शंका स्टोअरच्या काकांनी काढली. "बॅगा गेटवर वाटणार की स्टोअरला पाठवणार? म्हणजे मी जागा करून ठेवतो."

मेल एचआरमध्ये नव्याने आलेल्या मुलीची होती. दर पंधरवड्याला बुधवारी दुपारी साडेबारा वाजता कॉन्फरन्स रूममध्ये 'ब्राऊन बॅग सेशन', सर्वांनी यावे. काकांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे दिवाळीला मिठाई मिळते, सेफ्टी वीकला टोपी मिळते, एका वर्षी तर खंडेनवमीला स्टीलचा डबा मिळाला होता. नावातच बॅग आहे म्हटल्यावर माणूस हात पुढे करणारच.

तिने बिचारीने समजावून सांगितलं. अमेरिकेत नोकरदार मंडळी घरचं जेवण खाकी कागदी पिशवीतून आणतात. ती पिशवी घेऊन एका खोलीत जमायचं, एकाने आपल्याला येतं ते सांगायचं, बाकीच्यांनी जेवता जेवता ऐकायचं. शिकणंही होतं आणि एकमेकांची ओळखही होते.

"म्हणजे डबा आपलाच," काका म्हणाले.

"हो."

"आणि सुट्टीपण आपलीच."

यावर ती नुसती हसली. काकांचा मुद्दा मात्र बिनतोड होता. ही २०१८ ची गोष्ट. भोसरीतला आमचा कारखाना फरसाण, चहापूड, मसाले पाकिटात भरणारी यंत्रं बनवतो. माणसं दीडशेच्या आतबाहेर. १९४८ च्या कारखाना कायद्यात कँटीनची सक्ती होती ती अडीचशेच्या वर कामगार असतील तर, त्यामुळे आम्ही सगळे डबेवाले. त्याच कायद्यात असंही होतं की माणसाला सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही, मधे निदान अर्धा तास विश्रांती द्यायची. तो अर्धा तास मिळावा म्हणून किती लोकांनी किती गिरण्यांपुढे घोषणा दिल्या असतील! आणि आम्ही तो अर्धा तास प्रोजेक्टरच्या उजेडात घालवायला निघालो होतो. उजेड कसला, अंधारच. कारण पहिल्या बुधवारी पडदा नीट दिसावा म्हणून दिवे बंद केले होते. विषय होता वेळेचं नियोजन. अठ्ठावीस स्लाइड. माझ्या शेजारी खरेदी विभागातले एक गृहस्थ होते, त्यांनी अंधारात लोणचं समजून ठेच्याचा गोळा तोंडात टाकला आणि वेळेच्या नियोजनावरचं त्या दिवसातलं एकमेव उत्स्फूर्त भाष्य केलं. ते इथे छापता येणार नाही.

त्या मुलीने सुरुवातीला एक किस्सा मात्र छान सांगितला. १९५० सालचा उन्हाळा, अमेरिकेतलं लॉस अलामोस. एन्रिको फर्मी, एडवर्ड टेलर वगैरे अणुशास्त्रज्ञ मंडळी जेवायला चालली होती. वाटेत उडत्या तबकड्यांवरच्या एका व्यंगचित्रावरून हसणंखिदळणं झालं. जेवायला बसल्यावर विषय भलतीकडेच गेला होता आणि मधेच फर्मीने विचारलं, "अरे, पण ते सगळे आहेत कुठे?" म्हणजे परग्रहवासी. एवढं मोठं विश्व, एवढे तारे, मग अजून कोणी आपल्याकडे फिरकलं कसं नाही? जेवणाच्या टेबलावरचा हा प्रश्न शास्त्रज्ञांना आजही सुटलेला नाही.

"मीटिंगमध्ये असतील," मागून काका म्हणाले.

आता बुधवारच का, तर भोसरीत गुरुवारी सुट्टी असते. एमआयडीसीत विजेची वाटणी करताना वारावारी सुट्ट्या दिल्या गेल्या, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला आणि तो घराघरातल्या सवयींत मुरला. आमचा रविवार गुरुवारी येतो. मग बुधवार म्हणजे आमचा शनिवार, जरा सैल दिवस, सेशनला बरा. हे एचआरने धरलं होतं. धरलं नव्हतं ते एवढंच की सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्या घरांत बुधवार हा खाण्याचा वार असतो.

दुसऱ्या सेशनला असेंब्लीतल्या एकाने सुकट आणली. कांदा, लाल तिखट, वरून कोकम. चव अशी की मी दोन वेळा हात पुढे केला, खोटं कशाला बोलू. पण सुकटीला मोकळी हवा लागते. कॉन्फरन्स रूमच्या खिडक्या उघडत नाहीत आणि एसी तीच हवा फिरवून फिरवून देतो. तीन वाजता त्याच खोलीत इंदूरचे एक ग्राहक येऊन बसले. शेव-पापडीचा मोठा व्यवसाय, घराणं जैन. ते फार सभ्य होते. त्यांनी फक्त विचारलं, "मशीन बाहर देख लें क्या?" आणि पूर्ण बोलणी शॉप फ्लोअरवर उभ्याने झाली. ऑर्डर मिळाली, हे सांगायला हवं. पण शुक्रवारी मेल फिरली: सेशनला येताना कृपया सुका आहार आणावा.

"सुकट सुकीच असते," असेंब्लीकडून उत्तर गेलं.

तिसऱ्या बुधवारी खोलीत सात जण होते, त्यातले तीन एचआरचे. मला वाटलं संपलं. असल्या गोष्टी आमच्याकडे संपतात तेव्हा कोणी जाहीर करत नाही, नुसती मेल येईनाशी होते. पण ती मुलगी चिवट निघाली. चौथ्या वेळी तिने प्रोजेक्टर सोडला, कॉन्फरन्स रूम सोडली आणि सेशन असेंब्लीच्या कोपऱ्यात आणलं, जिथे डिस्पॅचची लाकडी खोकी पडलेली असतात. दोन खोक्यांवर प्लायवूड टाकलं की टेबल. आणि बोलायला बाहेरचा कोणी प्रशिक्षक न आणता पेरोलच्या मॅडमना उभं केलं.

मॅडमनी फक्त पगाराची पावती वाचून दाखवली. ओळीनं. बेसिक आणि महागाई भत्त्याच्या बारा टक्के तुमचे पीएफला कापले, तेवढेच कंपनीने घातले. इथवर सगळ्यांना ठाऊक. पण कंपनीच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पीएफमध्ये न जाता पेन्शनकडे वळतात, आणि तेही पगाराची मर्यादा पंधरा हजार धरून, म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. वीस-वीस वर्षं पावती घडी करून खिशात घालणाऱ्या माणसांचे घास हातात राहिले. "म्हणजे पासबुकात कंपनीचा आकडा माझ्यापेक्षा कमी दिसतो तो यामुळं?" "यामुळंच." "आणि मी चार वर्षं त्यांना शिव्या देतोय." त्या दिवशी भोंगा झाल्यावरही कोणी उठेना.

मग माझी पाळी आली.

मी डिझाइनला आहे. विषय काय घ्यावा हे सुचेना, तेव्हा म्हटलं, ज्या खाकी पिशवीच्या नावाने हे सगळं चाललंय तिच्यावरच बोलावं. नाहीतरी पिशव्या हाच आमचा धंदा. तयारी करताना कळलं की पिशवीचा इतिहास म्हणजे तिच्या बुडाचा इतिहास. कागदी पिशव्या करणारं पहिलं यंत्र फ्रान्सिस वॉल या अमेरिकन माणसाने १८५२ मध्ये पेटंट केलं, पण ती पिशवी पाकिटासारखी, बूड चपटं नाही, उभी राहणार नाही. सपाट बुडाची पिशवी यंत्रावर जमवली मार्गारेट नाइटने. लहानपणी कापडगिरणीत राबलेली, पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये कागदी पिशव्यांच्या कारखान्यात लागलेली बाई. तिने आधी लाकडी नमुना केला. लोखंडी यंत्र बनत असताना चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या एकाने ते पाहिलं आणि परस्पर आपल्या नावावर पेटंट मागितलं. बाई कोर्टात गेली, आपली रेखाटनं आणि साक्षीदार मांडले आणि जिंकली. १८७१ मध्ये पेटंट तिला मिळालं. पुढे १८८३ मध्ये चार्ल्स स्टिलवेलने बाजूला चुण्या घातल्या, त्यामुळे पिशवी दुमडून सपाट रचता येऊ लागली आणि एका झटक्यात उघडून उभी राहू लागली. आपण पाकिटाला साइड गसेट देतो, त्याचंच हे मूळ, असं मी म्हणालो आणि नमुन्यादाखल आणलेला खाकी कागद दुमडायला घेतला.

जूनमध्ये वह्यांना घालतो तोच कागद. कव्हर मी आयुष्यभर घातली आहेत, मुलाच्या वह्यांनाही मीच घालायचो. पण बूड जमेना. एक कोपरा दाबला की दुसरा सुटे. अठरा वर्षं पाऊचची मशीन काढणारा माणूस पंधरा जणांसमोर एका पिशवीशी झटत होता. सुदैवाने निम्म्यांचं लक्ष वांग्याच्या भरतात होतं.

"साहेब, घडी उलटी काढलीय तुम्ही," मामा म्हणाले.

मामा म्हणजे असेंब्लीतले सगळ्यात जुने फिटर, बार्शीकडचे. बोलणं बेताचं. त्यांनी उरलेला घास संपवला, बोटं रुमालाला पुसली, आणि खोक्यावर पडलेला एचआरचा अभिप्रायाचा फॉर्म उचलला. खाकी कागद त्यांना नको होता, जाड आहे म्हणाले. फॉर्मची नळी केली, जोडावर नख ओढलं. मग खालचं तोंड फाकवून आतून दोन्ही अंगठे घातले आणि बाहेर ओढले, तशी कागदाची शंकरपाळी झाली. वरचं टोक मधल्या रेषेच्या जरा पलीकडे, खालचं त्याच्यावर. "पलीकडं न्यायचं. रेषेवर ठेवलं तर खळ कुठं लावणार?" सगळा मिळून पाऊण मिनिट लागला असेल. पिशवी प्लायवूडवर उभी राहिली. पोटावर छापलेलं: आजच्या सत्रातून आपण काय शिकलात?

कोणीतरी टाळी वाजवली, मामा अवघडले. मग विचारल्यावर थोडंथोडं आलं. आई रद्दीच्या पिशव्या चिकटवायची. पावशेराची, अर्ध्या किलोची, किलोची. पैसे शेकड्यावर. शाळेतून आलं की भावंडांनी बूड मोडायचं, आईने खळ लावायची. मैद्याची खळ, शिजवताना चिमूटभर मोरचूद, नाहीतर झुरळं रात्रीत शेकडा खराब करतात. वाणी उभं करून बघायचा. जी पडली ती शेकड्यातून गेली. "मग आम्ही पडलेल्यांत जेवायचो. फुटाणे-चुरमुरे असायचे," ते म्हणाले, आणि हसले. त्या मशीनवालीचं नाव त्यांनी मला परत विचारलं. "कोर्टात गेली म्हणता?" "हो." "बरं केलं."

मी सोळा वर्षं त्यांच्याशेजारी काम करत होतो. पाकीट दाबून चिकटवणाऱ्या जबड्याचा, म्हणजे सीलिंग जॉचा, अर्धा मिलिमीटर ते बोटाने ओळखतात हे मला माहीत होतं. बोट कुठे तयार झालं ते माहीत नव्हतं. आणि श्रेय मामांनाच द्यायला हवं, हे यात आलंच: ती शंकरपाळी मी घरी जाऊन कागदावर काढली आणि पुढे एका मसाल्याच्या पाकिटाच्या बुडाची घडी आम्ही त्या पलीकडे नेलेल्या टोकावरून सुधारली. ड्रॉइंगवर सही माझी आहे. अ‍ॅननची आठवण मला सही करताना झाली होती, आणि मी 'सूचना: असेंब्ली' असं शेऱ्यात लिहिलं. तेवढंच बसत होतं त्या चौकटीत.

या सगळ्यात एक गोष्ट कोणत्याच मेलमध्ये नव्हती. बोलणारा उपाशी राहतो. ऐकणारे जेवतात, विचारणारे तोंडात घास धरून विचारतात, आणि सांगणाऱ्याचा डबा झाकलेलाच. आपल्याकडे काल्याच्या कीर्तनात तरी शेवटी बुवांच्या हातावर काला पडतो. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, सगळं एकत्र कालवलं, आणि मग वाटून खाल्लं, तो काला. खाकी पिशवीवाल्या देशाचं मला कळत नाही, तिथे प्रत्येकाचं सँडविच प्रत्येकाच्या पिशवीत राहत असावं. आमच्या प्लायवूडवर झाकणं उघडली की डबा कोणाचा हे विचारायचं नसतं.

भोंगा व्हायला पाच मिनिटं असताना मी माझ्या डब्याकडे वळलो. वरच्या कप्प्यात सकाळी कारल्याची भाजी होती. मला कारलं आवडत नाही, ती भाजी मी तीन महिने जवळजवळ तशीच परत नेत होतो आणि घरी त्यावरून बोलणी खात होतो. कप्पा उघडला तर कारल्याचा तुकडा नाही. जागेवर दोन चमचे वांग्याचं भरीत, मटकी, कोणाची तरी शेंगदाण्याची चटणी, अंड्याच्या भुर्जीचा कोपरा, आणि कडेला, पोळीच्या तुकड्यावर वेगळी ठेवलेली, सुकट. मी उभ्याउभ्याच खाल्लं.

संध्याकाळी बायकोने सिंकपाशी डबा उघडला. बराच वेळ बघत राहिली.

"संपलं कारलं?"

"संपलं."

"सगळं?"

मी मान हलवली. ती काही बोलली नाही. पुढच्या बुधवारी डबा जड लागला म्हणून गेटवरच उघडून पाहिला, तर एक कप्पा वाढवलेला होता आणि दोन्हीत कारलं.